खालच्या खोलीतलं पाणी : दोन पावसाळ्यांच्या नोंदी

८ जुलै २०२४

रात्री अडीचला आईने हाक मारली. "खाली उतर, माटोळीची चौकट भिजतेय." खालच्या खोलीचा डावा कोपरा पाण्याने भरलेला. नारळाची पोती, बाबांचे जुने दिवाळी अंक, चवथीचं सगळं सामान त्याच कोपऱ्यात. माटोळी म्हणजे चवथीला, गणेश चतुर्थीला, गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास. पंधरा लिटरच्या बादलीने उपसलं. नऊ बादल्या झाल्या, म्हणजे १३५ लिटर. मोजायला काही कारण नव्हतं, झोप उडाली होती म्हणून मोजलं. आकडा भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवला आणि सकाळी ही वही काढली.

घराची माहिती एकदाच लिहितो. गोव्यातल्या साखळी गावाच्या पुढे, उतारावरचं घर, बाबांनी १९८८ साली बांधलेलं. रस्ता वरच्या अंगाला आहे, त्यामुळे रस्त्यावरून बघणाऱ्याला एकमजली दिसतं. दरीकडच्या बाजूने खाली आलं की आणखी एक खोली, ५ मीटर बाय ४ मीटर. तिला घरात सगळे तळघर म्हणतात, पण खरं तर ती अर्धीच जमिनीत आहे. दार दरीकडे उघडतं. समोरची भिंत पूर्ण मातीत, बाजूच्या दोन भिंती निम्म्या. भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, ४५ सें.मी. जाड. अंगणाची पातळी खोलीच्या फरशीपेक्षा २.३ मीटर वर. भिंतीच्या मातीकडच्या अंगाला डांबर, गिलावा, काहीही नाही. त्या काळी डोंगर कापला, भिंत उभी केली, मधली फट कापलेल्या मातीनेच भरली. सगळे असंच करायचे.

१० जुलै

अंगणात, फणसापासून लांब, सरळ काठाची काचेची बरणी ठेवली. आत चिकटपट्टीवर मिलिमीटरच्या खुणा केल्या. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हा हिशेब शाळेत शिकवतात आणि घर गळेपर्यंत कुणाला आठवत नाही. आमच्या छपराची रस्त्याकडची उतरती बाजू साधारण ७० चौरस मीटरची. दिवसाला १०० मि.मी. पडला, जो आमच्याकडे जुलैत नवलाचा नाही, तर ७,००० लिटर फक्त त्या एका बाजूवरून खाली येतं. सगळं अंगणात, भिंतीच्या बरोबर डोक्यावर.

दुसरं काम : पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन चौकोनी तुकडे, एक समोरच्या भिंतीवर आणि एक फरशीवर, चारही कडा टेपने बंद करून चिकटवले. दोन दिवस हात लावायचा नाही.

१२ जुलै

भिंतीवरच्या प्लॅस्टिकला मागून थेंब, पुढून कोरडं. म्हणजे पाणी भिंतीतूनच येतंय. फरशीवरच्या तुकड्याचं मात्र उलट झालं. वरून घाम, खाली कोरडी फरशी. फरशीची ओल जमिनीतून येत नाही, हवेतून येते. थंड फरशीवर पावसाळ्याची दमट हवा बसते आणि पाणी सुटतं. इतकी वर्षं आम्ही "हवा खेळू दे" म्हणून दार सताड उघडं ठेवत होतो, म्हणजे घाम स्वतःच आत बोलावत होतो. आजपासून पाऊस असताना दार बंद, उघडीप मिळाली तरच उघडायचं. आईला हे पटलेलं नाही.

२८ जुलै

तीन आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवून बसलो आणि एक गोष्ट लक्षात आली. तीच खरी महत्त्वाची.

खोलीत एक पाणी येत नाही, दोन येतात. डाव्या कोपऱ्यातलं घाईचं. जोराची सर आली की पाऊण तासाच्या आत ठिबकायला लागतं, सर थांबली की दोन-तीन तासांत बंद. रंगाने मातकट, त्यात कधी पानाचा तुकडासुद्धा. दुसरं भिंतीच्या मधोमध, फरशीपासून गुडघाभर उंचीवर. त्याला घाई नाही. मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि पाऊस थांबल्यावरही तीन-चार दिवस चालतं. ते स्वच्छ, नितळ, आणि हाताला गार लागतं.

परवा ९६ मि.मी. पडला. डाव्या कोपऱ्यातून पाच बादल्या. मधल्या ओलीचं पाणी तेव्हा जवळजवळ शून्य होतं, आज पाऊस नसताना ते भिंतीवरून ओघळतंय.

आजवर जो कुणी बघायला आला त्याने दोन्ही एकच धरलं, आणि आम्हीही.

१९ ऑगस्ट

२०२१ साली एका ठेकेदाराकडून आतून 'वॉटरप्रूफ' लेप मारून घेतला होता. पहिल्या पावसाळ्यात छान. दुसऱ्या वर्षी फुगे आले. आज त्यातला एक फुगा नखाने फोडला तर आतून चमचाभर पाणी आणि पांढरी पूड, लोणा. लेप चांगल्या प्रतीचा होता, ठेकेदारानेही हातचलाखी केली नव्हती. चूक जागेची होती. भिंतीमागे एक मीटर उंचीपर्यंत पाणी साठलं की तळाशी दर चौरस मीटरला साधारण एक टन दाब येतो. बाहेरच्या अंगाला लेप असता तर त्याच दाबाने तो भिंतीवर घट्ट बसला असता. आतून मारलेल्या लेपाला तोच दाब मागून ढकलतो. वर चिरा म्हणजे भोकाभोकांचा दगड, लेपाला धरायलाही धड जागा नाही.

लोणा ओल्या फडक्याने पुसायचा नाही. क्षार विरघळून परत भिंतीत जातात. कोरड्या ब्रशने झाडून, सुपलीत भरून बाहेर टाकला.

७ सप्टेंबर

चवथ. माटोळीची चौकट आठ दिवस उन्हात, म्हणजे जिथे मिळेल त्या उन्हात, वाळवून वापरली. एका कोपऱ्याला बुरशीचा काळा डाग राहिलाच. त्यावर आईने कांगलांचा, माटोळीतल्या रानफळांचा, घोस बांधला.

२० ऑक्टोबर

मधलं पाणी आज थांबलं. वरचा पाऊस बरेच दिवस तुरळकच होता, डोंगराला मात्र ते रिकामं करायला एवढा वेळ लागला.

१२ जानेवारी २०२५

तीन जणांना बोलावून अंदाज घेतले.

पहिला म्हणाला, भिंतीत भोकं पाडून पीयू ग्राउट, म्हणजे आत फुगून भेग भरणारं रसायन, दाबू. काँक्रीटच्या भिंतीला भेग असेल तर हा उत्तम उपाय, भेग भरते आणि विषय संपतो. पण चिऱ्याच्या भिंतीला एक भेग नसते, हजारो वाटा असतात. किती माल जाईल असं विचारलं तर "जाईल तितका" म्हणाला. दुसऱ्याने क्रिस्टलाइन लेप सुचवला. तो सिमेंटमधल्या चुन्याशी प्रक्रिया होऊन छिद्रं बुजवतो. आमच्या चिऱ्यात सिमेंट कुठे? फक्त सांध्यांत. तिसऱ्याने खोलीत खड्डा करून पंप बसवा म्हटलं. पंप वाईट नाही, पण आमच्याकडे पाऊस जोराचा असतो तेव्हाच वीज गेलेली असते. आणि खोलीचं दार दरीकडे, फरशीच्या खाली उताराची जमीन आहे. पाणी आपसूक खाली जाऊ शकत असताना ते उचलून का फेकायचं?

सगळ्यात महागडा अंदाज दोन लाख ऐंशी हजारांचा होता. तिघांपैकी एकही जण वर अंगणात जाऊन उभा राहिला नाही. तिघेही भिंतीला हात लावून बोलले.

मग आमच्याकडे गडगे, म्हणजे हद्दीच्या दगडी भिंती, बांधायला येणारे म्हातारे मेस्त्री आले. ते आधी अंगणात गेले, तुळशीपाशी उभे राहून छपराकडे बघितलं आणि पन्हळीचा पाईप कुठे जातो ते विचारलं. मला माहीत नव्हतं. तो जमिनीत जातो एवढंच माहीत. आतून काहीही बुजवायला त्यांनी साफ नकार दिला. "हांगा आडायल्यार थंय वतलें, पात्रांव." इथे अडवलं तर तिथे जाईल.

२३ मार्च

पन्हळीचा पाईप कुठे जातो याचा आज शोध घेतला. शिगम्याचा, म्हणजे होळीचा, उरलेला पक्का हिरवा रंग दोन बादल्यांत कालवून पन्हळीत ओतला आणि मागून नळी लावून पाणी सोडलं. कडक उन्हाळा, जमीन कोरडी ठणठणीत, तेव्हा गोंधळ व्हायला वाव नाही. पन्नास मिनिटांनी डाव्या कोपऱ्यात पहिला थेंब. हिरवा.

बाबा पायरीवर बसून सगळं बघत होते. संध्याकाळी चहाच्या वेळी म्हणाले, "तिथे आपण शोषखड्डा केला होता ना, भांड्यांच्या पाण्यासाठी. नंतर पन्हळीचा पाईप मीच त्यात सोडला." सदतीस वर्षांपूर्वीचा खड्डा, भिंतीपासून दीड मीटरवर, दगड भरून बुजवलेला. भांड्यांच्या पाण्याला पुरत होता. छपराच्या सात हजार लिटरला कसा पुरेल? तो भरायचा आणि फुटेल तिथून वाट काढायचा, आणि सगळ्यात जवळची मोकळी जागा म्हणजे भिंतीमागची ती सैल भरणी.

"बाबा, आठ वर्षं आपण भिंतीला रंग मारतोय, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी?"

रंग ओतायला आणि गावभर ही गोष्ट पसरायला सारखाच वेळ लागला. शेजारच्या काकांनी मुद्दाम येऊन हिरवा थेंब पाहिला.

७ एप्रिल

काम सुरू. दोन वेगळ्या पाण्यांना दोन वेगळ्या वाटा द्यायच्या असं ठरलं.

छपराचं पाणी : पन्हळ मोठी करायची. उभा पाईप ७५ मि.मी.चा होता, फणसाच्या पानांनी सदा तुंबलेला. आता ११० मि.मी.चा. तासाला ६० मि.मी.च्या सरीत त्या छपरावरून मिनिटाला ७० लिटर येतात, ते त्यात बसतात. हा पाईप बंद, बिनभोकांचा, थेट खालच्या व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, न्यायचा. शोषखड्डा उकरून चिकणमातीने ठासून बंद.

डोंगराचं पाणी : भिंतीपासून १.२ मीटरवर, समांतर चर. लांबी ९ मीटर, मग पूर्वेच्या कोपऱ्यावर वळून बाजूच्या भिंतीलगत ६ मीटर उतरायचं, तिथे जमीनच खाली येते आणि पाईप उघडा पडतो. त्यात भोकांचा पाईप, भोवती खडी, खडीभोवती गाळ अडवणारं कापड.

मेस्त्रींचं पहिलं म्हणणं होतं, दोन पाईप कशाला, छपराचं पाणीही भोकांच्या पाईपात सोडू, खर्च वाचेल. यावर मी हटून बसलो. छपराचा लोंढा भोकांच्या पाईपात सोडला तर तो त्याच भोकांतून बाहेर पडून भिंतीमागची माती भिजवणार, म्हणजे शोषखड्डाच लांब करून बांधल्यासारखं. बराच वेळ बिडी ओढून ते म्हणाले, बरं.

९ एप्रिल

वरचा ७० सें.मी. चिरा इतका घट्ट की कुदळीच्या ठिणग्या उडाल्या. दिवसभरासाठी दगड फोडायचा ब्रेकर भाड्याने आणला. त्याखाली मऊ, कुदळीने सुरीसारखा कापला जाणारा. जांभ्याची ही गंमतच आहे. जमिनीत असतो तोवर मऊ, वारा-ऊन लागलं की टणक होतो, म्हणून तर खाणीत तो चौकोनी कापता येतो.

कोपऱ्याजवळ एक जुना राखाडी पाईप लागला, त्याला कुदळ बसली. आत वायर नव्हती. बाबा म्हणाले, पूर्वी विहिरीच्या पंपासाठी टाकून ठेवला होता, कधी वापरला नाही. मातीखाली ढकलून पुढे गेलो.

१४ एप्रिल

१.६ मीटरवर रंग बदलला. लाल चिरा संपून पांढरट-पिवळी, साबणासारखी निसटणारी चिकणमाती. मेस्त्री खाली उतरले, मूठभर माती घेऊन वळली आणि गोळी माझ्या हातात दिली. आता खाली नको, म्हणाले.

मधल्या पाण्याचं कोडं इथे सुटलं. पाऊस चिऱ्याच्या भोकांतून सरळ खाली जातो, चिकणमातीला येऊन अडतो, आणि तिच्या पाठीवरून उताराने दरीकडे सरकत राहतो. वाटेत आमची भिंत. चिकणमाती फरशीच्या वर ७० सें.मी. उंचीवर आहे, आणि भिंतीवरची ओल गुडघ्याच्या जरा वरून सुरू होते. टेपने मोजलं, जवळपास जुळलं. डोंगराचं पाणी दुसऱ्या दिवशी का येतं आणि पाऊस गेल्यावरही का टिकतं, तेही यात आलं.

म्हणजे चर अडीच मीटर खोल नेण्याची गरजच नाही. पाणी ज्या थरावरून चालतं तो थर पकडला की पुरे. चिकणमातीत १० सें.मी. खाच घेऊन पाईप बसवायचा, म्हणजे त्याच्या खालून पाणी निसटत नाही.

चरात माणूस उभा राहिला की डोकंच वर दिसतं. चिऱ्याचा भाग उभा राहतो, पण खालची चिकणमाती भरवशाची नाही. फळ्या आणि बांबूचे आडवे टेकू दर दीड मीटरवर लावले. उकरलेली माती काठापासून मीटरभर लांब. दोन पोरं हसत होती, कशाला एवढं. संध्याकाळी टेकू नसलेल्या तुकड्यातून घमेलंभर ढेकूळ सुटून खाली पडलं. त्यानंतर कुणी हसलं नाही.

२२ एप्रिल

आजचा दिवस भांडणात गेला. भोकं वर की खाली?

पोरं म्हणतात वर, पाणी वरून पडणार ना. मेस्त्रींचंही तसंच मत. मी म्हणतो खाली, घड्याळाच्या चार आणि आठच्या काट्याला. शेवटी पाईपाचा मीटरभर तुकडा कापला, टोकं बंद केली, अंगणातल्या दगडी दोणीत ठेवून भोवती खडी भरली आणि हळूहळू पाणी सोडलं. भोकं वर असताना दोणीतलं पाणी पाईपाच्या माथ्यापर्यंत, ११ सें.मी. चढलं, तेव्हा कुठे आत शिरलं. भोकं खाली केली तर दोन-अडीच सें.मी.लाच शिरायला लागलं. चरात पाणी वरून पडत नाही, खालून भरत जातं. जितक्या खालच्या पातळीला ते पाईपात जाईल तितकी भिंतीमागची पातळी खाली राहील. मेस्त्रींनी दोणीत दोनदा हात घालून बघितलं आणि मग स्वतःच ड्रिल घेऊन बसले. भोकं ८ मि.मी., दोन रांगा, दर १० सें.मी.ला.

खडीवरून दुसरा वाद. चर उकरताना निघालेले चिऱ्याचे तुकडेच वापरू, फुकट आहेत, असं बाबांचं म्हणणं. चिऱ्याचे तुकडे पाण्यात राहून झिजतात, त्यांची लाल माती होऊन दोन पावसाळ्यांत पाईप बंद. काळ्या दगडाची २० मि.मी. खडीच आणली, धुऊन. टेंपोवाल्याने 'धुतलेली' म्हणून दिली होती, पहिल्या बादलीचं पाणी ताकासारखं झालं. परत धुतली.

४ मे

उतार साधायला कामगारांची पारदर्शक नळी वापरली, पाणी भरलेली. लेझर वगैरे काही लागत नाही. १०० ला १ धरला, १५ मीटरला १५ सें.मी. ९ मीटरचा सरळ तुकडा बसवला : तळाला कापड, त्यावर पाच सें.मी. खडी, पाईप, परत खडी, मग कापडाच्या बाजू वरून दुमडून घेतल्या, पुरणपोळी मिटावी तशा. कोपऱ्यावर एक उभा पाईप जमिनीच्या वरपर्यंत आणला आहे, झाकणासह, पुढे कधी नळी घालून धुता यावं म्हणून. ही सूचना काकांची. हा सातशे रुपयांचा पाईप एवढा उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

काकांशी आणखी एक बोलणं झालं. आमच्या खाली त्यांचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग. दोन्ही पाईपांचं पाणी त्यांच्या पोफळींत जाता कामा नये. "उन्हाळ्यात द्या, हवं तेवढं घेतो," ते म्हणाले. हद्दीच्या गडग्यालगत पाईप खाली व्हाळापर्यंत न्यायचा, तोंडाशी दगड रचायचे म्हणजे काठ खचणार नाही. त्यांनी परवानगी दिली, वर दोन पोफळीची रोपंही.

२१ मे

मृगाला सतरा-अठरा दिवस आहेत म्हणून आम्ही निवांत होतो. मृगाचं पंचांग ढगांनी वाचलेलं नाही. दोन दिवस धो धो. बाजूचा ६ मीटरचा चर उघडा, पाईप टाकायचा राहिलाय. ताडपत्री आणि वाळूची पोती घातली आहेत.

२५ मे

मान्सून गोव्यात दाखल झाल्याचं हवामान खात्याने आज जाहीर केलं. नेहमीची तारीख ५ जूनच्या आसपासची असते. दहा दिवस आधी, आणि नेमका यंदा.

चूक माझी. ४ तारखेला बसवलेल्या पाईपाचं खालचं तोंड झाकायचं राहिलं होतं. उघड्या चरातला लाल चिखल सरळ त्यात शिरला. टोकाला हात घातला तर कोपरापर्यंत गाळ. मेस्त्री काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

२८ मे

थोडी उघडीप. कोपऱ्यातल्या उभ्या पाईपातून नळी आत सोडून वरच्या अंगाला जोरात पाणी मारलं, मग खालच्या तोंडाने. दोन तास लाल, मग गुलाबी, मग स्वच्छ. सातशे रुपये वसूल. भर पावसात, अंगावर प्लॅस्टिकच्या खोळी घेऊन, उरलेला ६ मीटरचा तुकडा दोन दिवसांत पुरा करायचाय.

३१ मे

झाला. खडीवर कापड, त्यावर माती, सगळ्यात वर चरातूनच निघालेल्या चिकणमातीचा २० सें.मी. ठासलेला थर, भिंतीपासून बाहेर उतरता. वरून जाणारं पाणी वरच्या वर जावं, सगळंच चरात उतरू नये म्हणून. भिंतीलगतचा मीटरभर पट्टा कोब्याने बंद करायचा आहे, पण ते काम दिवाळीनंतर. ओल्या भरणीवर कोबा घातला तर भरणी बसेल तसा तो फुटेल.

८ जून

खोलीच्या आतलं काम. समोरच्या भिंतीच्या पायाशी १० सें.मी. रुंद, ७ सें.मी. खोल नाली कापली, उतार देऊन उंबऱ्याखालून दरीकडे काढली. चिकणमातीच्या खालून जे थोडं झिरपेल त्यासाठी. भिंतीत फरशीपासून १५ सें.मी.वर तीन तिरप्या नळ्या, २५ मि.मी.च्या, नालीत उघडणाऱ्या. फरशी आणि बाजूच्या भिंतींच्या सांध्याला वाटा, म्हणजे सिमेंटची गोलसर कड, मारला. नालीच्या बाहेरच्या तोंडाला जाळी. पहिल्याच रात्री जाळी लावायची राहिली होती आणि सकाळी एक कुर्ली नारळाच्या पोत्यावर बसलेली सापडली.

भिंतीवरचा जुना लेप खरवडून काढला. नवीन काही लावायचं नाही. पाऊसभर भिंत उघडी ठेवायची, म्हणजे काय होतंय ते दिसेल.

२४ जून

सांजांव, सेंट जॉनचं फेस्त. वाड्यावरची पोरं डोक्यावर फुलांचे कोपेल घालून विहिरीवर गेली. आमची विहीर काठोकाठ. बरणीत आज ७४ मि.मी. डावा कोपरा कोरडा. मी तीन वेळा उतरून हात लावला. कोरडाच.

व्हाळाच्या तोंडाशी जाऊन बघितलं. छपराचा पाईप घोड्यासारखा फुरफुरतोय. भोकांचा पाईप अजून नुसता ओला.

२६ जून

भोकांच्या पाईपातून बारीक, नितळ धार. दोन दिवस उशिरा, वेळेवर. लिटरभराची बाटली २० सेकंदांत भरली, म्हणजे तासाला १८० लिटर. इतकी वर्षं हे पाणी भिंतीमागे येऊन उभं राहत होतं.

६ जुलै

आषाढी. २४ तासांत ११८ मि.मी. मागच्या वर्षी ९६ ला पाच बादल्या निघाल्या होत्या. यंदा डाव्या कोपऱ्यातून काही नाही, मधल्या नळीतून दिवसभरात चार लिटर, ते नालीतून बाहेर. बाकीच्या नळ्या कोरड्या. आई म्हणाली, "मग आता दार उघडं ठेवू का?" नको.

१९ जुलै

पहाटे घरातली वीज गेली. फक्त आमची. वीजगळतीचा ब्रेकर पडलेला, परत वर करायला गेलो तर टिकेना. खालच्या खोलीत टॉर्च मारला तर स्विचबोर्डाच्या खालून पाण्याची रेघ. पाण्याच्या बाबतीत मी वर्षभर शहाणा झालो होतो, आणि ते पाणी भिंतीतून नव्हे, थेट बोर्डातून येत होतं.

मेन बंद केला आणि वायरमनची वाट बघितली. त्याने बोर्ड उघडला. मागून एक राखाडी पाईप येत होता, रिकामा, बिनवायरचा. ९ एप्रिलला कुदळ बसली तोच. पंपासाठी टाकलेला, कधी न वापरलेला, पण दुसरं टोक बोर्डाच्या पेटीत तसंच उघडं. आम्हीच त्याला वर भोक पाडलं आणि वरून माती लोटली. पाण्याने ती वाट शोधायला दीड महिना घेतला.

अंगणात पाऊण मीटर उकरून पाईप कापला, दोन्ही टोकं टोपण चिकटवून बंद केली. बोर्डाच्या मागचं भोक सिमेंटने बुजवलं. बोर्ड आठवडाभर बंद ठेवून वाळवायचा, मग वायरमननेच तपासून चालू करायचा. तोवर खाली टॉर्च. ब्रेकर नसता तर आईचा ओला हात त्या बोर्डाला लागला असता, हा विचार मी अजून पुरता केलेला नाही.

१० ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा झाली, समुद्र आता शांत होतो म्हणतात. डोंगर होत नाही, भोकांचा पाईप अजून वाहतोय. धार थोडी मंद, लिटरला ३० सेकंद. तोंडाशी हात धरला तर बोटांना गाळ लागत नाही, कापड काम करतंय.

बाजूच्या भिंतींना चुन्याची सफेदी करून घेतली. बाबांचा आग्रह, आणि यावेळी ते बरोबर आहेत. चुन्याखालची भिंत वाळू शकते, ऑइलपेंटखालची गुदमरते. पूर्वी इथे शिंपल्यांचा चुना भाजून वापरत, आता दुकानातला मिळतो तो घेतला. समोरची भिंत अजून उघडीच, ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाळेल तशी वाळू दे.

हिशेब केला. मजुरी, ब्रेकर, पाईप, खडी, कापड, पन्हळ, वायरमन मिळून १ लाख ३२ हजार. त्यात चिखल धुण्याचे दोन दिवस माझ्या निष्काळजीपणाचे. कोबा बाकी आहे, पंधरा-सोळा हजार धरलेत.

२४ ऑगस्ट

चवथ बुधवारी. माटोळीची चौकट खालून वर आणली. काळा डाग गेल्या वर्षीचाच, नवा नाही. पोती जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवली आहेत, ती तशीच राहतील. मेस्त्रींना चवथीच्या फराळाला बोलावलं, तर म्हणाले, आधी पाईप बघून येतो, मग बसतो.

भिंतीवरचा पेन्सिलचा '९ बादल्या' पुसू का, असं आईने विचारलं. समोरची भिंत रंगवायची नाहीये, तर राहू दे म्हटलं.

बरणीत ३१ मि.मी. डावा कोपरा कोरडा. मधली नळी, मिनिटाला चार थेंब.